मेसेज येईल

“पण एकूण किती, अण्णा?”

दगाजी अण्णा फायलीच्या भोकातून नाडी ओवत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“चौतीस वर्षांत किती मुलांना शिष्यवृत्ती मिळवून दिलीत, तेवढंच सांगा. मी अकरा हजार धरलेत. भाषणात आकडा लागतो.”

“सात,” अण्णा म्हणाले.

“सात हजार?”

“सात.”

...

तुषार बडगुजरला वाटलं, म्हातारा थट्टा करतोय. पण अण्णांना थट्टा करताना त्यानं तीन महिन्यांत एकदाही पाहिलं नव्हतं. त्यानं पेन खाली ठेवलं.

सातपुड्याच्या पायथ्याला, जिथे डांबरी रस्त्याला पहिला चढ लागतो, तिथलं हे कॉलेज. डोंगरातल्या पाड्यांवरची पोरं इथे शिकायला येतात, आणि त्यांच्यातल्या बहुतेकांचं शिक्षण शिष्यवृत्तीच्या एका खिडकीवर उभं असतं. त्या खिडकीमागे चौतीस वर्षं दगाजी भामरे बसले. नाव दगाजी, पण त्यांनी कुणाला दगा दिल्याचं तालुक्यात कुणाच्या ऐकिवात नव्हतं. हे टेबल म्हणजे कॉलेजातलं काळं पाणी. ज्याला मिळे तो दुसऱ्या दिवसापासून परीक्षा विभागात बदली मागे. अण्णांनी कधी मागितली नाही.

आज त्यांच्या नोकरीचा शेवटचा दिवस होता. चार वाजता सभागृहात सत्कार, संस्थेचे अध्यक्ष येणार, शाल, श्रीफळ, मानपत्र, सगळा थाट. प्रास्ताविक करायचं होतं तुषारनं, कारण अण्णांच्या जागी तोच बसणार होता.

आणि तुषार म्हणजे काय विचारता. एम.कॉम., कॉम्प्युटरची दोन सर्टिफिकेटं, नाकावर माशी बसू देणार नाही असा. जुलैत आला आणि आठवड्याभरात पोर्टलचं सगळं काम त्यानं आपल्याकडे ओढून घेतलं, कारण अण्णा एका बोटानं टाइप करायचे आणि ते त्याला बघवत नसे. तेव्हापासून खिडकीवर तो आणि मागच्या कपाटापाशी अण्णा, अशी व्यवस्था झाली होती. अण्णांचं त्याला कौतुक होतं. जुन्या माणसांचं असतं तेवढं.

“सात कोण, अण्णा?”

अण्णांनी नाडीची गाठ मारली.

“फुलसिंग वळवी. उत्पन्नाच्या दाखल्यावर तलाठ्याचा शिक्का नव्हता. मी म्हटलं, शिक्का आण. तो परत आला नाही. मग सायजी. मग त्या दोघी बहिणी, एकीची फोटोकॉपी पुसट होती म्हणून दोघी गेल्या...”

सातही नावं त्यांनी सांगितली. वर्ष सांगितलं, गाव सांगितलं, कोणता कागद कमी होता तेही सांगितलं. प्रत्येकाच्या घरी ते पुढे जाऊन आले होते. कुणी सुरतेला रिक्षा चालवत होतं, कुणाला तोवर दोन मुलं झाली होती.

“पण हे तर शिष्यवृत्ती न मिळालेले झाले,” तुषार म्हणाला.

“मिळालेल्यांना सरकारनं दिली, भाऊ. माझी कमाई एवढीच.”

 तुषारला खरंच भरून आलं. भरून आलं आणि लगेच त्याच्या मनात आलं, की हे भाषणात टाकायला हवं, लोक डोळे पुसतील. त्यानं वहीत ‘सात’ असं लिहून त्याला गोल केला.

मग त्याला राहवलं नाही.

“माझ्याकडे मात्र एकही नाही हं, अण्णा. तीन महिने झाले. प्रलंबित शून्य.” त्यानं भिंतीकडे बोट केलं. तिथे त्यानं छापून लावलेला कागद होता, वर कॉलेजचं बोधचिन्ह आणि खाली ठळक शून्य.

“शून्य कसं आलं?” अण्णांनी विचारलं. अगदी सहज विचारलं.

“सोपं आहे. पूर्ण असलेले फॉर्म पुढे पाठवले. त्रुटी असलेले परत पाठवले. माझ्या टेबलावर काही उरलंच नाही.”

“परत म्हणजे कुठे?”

“विद्यार्थ्याकडे. बटण दाबलं की त्याच्या मोबाइलवर मेसेज जातो.”

...

“परत पाठवलेल्यांतले जे अजून आले नाहीत, त्यांची यादी काढ.”

तुषारनं काढली. मोठी नव्हती. एकेचाळीस परत पाठवले होते, सदतीस दुरुस्त होऊन आले होते. उरले चार. चार म्हणजे काहीच नाही, असं तो म्हणालासुद्धा.

अण्णांनी कागद टेबलावर सपाट केला आणि नावांच्या रकान्यावर आपला पंजा ठेवला.

“आता मोबाइलचा रकाना वाच. मोठ्यानं वाच.”

तुषारनं पहिला नंबर वाचला. दुसरा वाचायला लागला आणि निम्म्यावर थांबला. तिसरा त्यानं मनातच वाचला. चौथा वाचायची गरज राहिली नाही.

“चौघं भावंडं आहेत का?” अण्णांनी विचारलं.

चारही नंबर एकच होते.

 तुषारनं तो नंबर लावला. पलीकडून भिकन बोलला, स्टँडसमोरचा झेरॉक्स-नेटवाला. पाड्यावरच्या पोरांकडे मोबाइल नसतो, असला तर रिचार्ज नसतो. म्हणून भिकन फॉर्म भरताना आपलाच नंबर घालायचा. नंबर घातल्याशिवाय फॉर्म पुढे सरकत नाही, त्याला तो तरी काय करणार. मेसेज येतात का, असं तुषारनं विचारलं. भिकन म्हणाला, येतात की साहेब, ढिगानं येतात, फोन भरून जातो म्हणून मी आठवड्याला पुसून टाकतो.

तुषारनं फोन ठेवला. तीन महिने त्यानं ज्या यंत्रणेच्या जिवावर मिशीला पीळ दिला होता, तिचं शेवटचं टोक झेरॉक्सच्या दुकानात एका माणसाच्या अंगठ्याखाली होतं. सदतीस पोरं दुरुस्त होऊन आली ती मेसेजमुळे नव्हेच. ती वसतिगृहात राहणारी, रोज खिडकीशी घुटमळणारी पोरं होती. विचारून विचारून त्यांनी आपलं आपण निस्तरलं होतं.

“आज शेवटची तारीख आहे,” तो म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच ओळखू आला नाही.

“माहीत आहे मला.”

अण्णांनी शिपायाला हाक मारली. चारांतले तिघं गावातच कुठेतरी खोली करून राहत होते. शिपायानं त्यांना तासाभरात धरून आणलं. एकाचा दाखला उलटा स्कॅन झाला होता, एकाची सही राहिली होती, एकाच्या पासबुकावरचा आकडा दिसत नव्हता. तिघांचेही फॉर्म अकराच्या आत गेले. तीन पोरं हसत बाहेर पडली आणि तुषारला त्यांच्या तोंडाकडे बघवलं नाही.

राहिलं एक नाव. रुमली गुमान पावरा, प्रथम वर्ष कला. पत्ता उंबरीपाडा, डोंगरात अडतीस किलोमीटर. त्रुटी : बारावीनंतर एक वर्षाचा खंड, खंडाचं कारण सांगणारा अर्ज जोडलेला नाही.

वर्गातल्या मुलींनी सांगितलं, ती महिनाभर येतच नाही. फॉर्म नाकारला असं समजून घरी गेली.

तुषार म्हणाला, मी निघतो, तुम्ही थांबा, चारला तुमचा सत्कार आहे. अण्णांनी टोपी डोक्यावर ठेवली आणि त्याच्या मोटरसायकलवर मागे जाऊन बसले.

*

 वाटेत तुषारनं एकदा विचारलं, “तुम्हाला ते नंबर माहीत होते का, अण्णा?”

“नव्हते. पूर्वी मी मेसेज पाठवत नसे. कुणाचा कागद राहिला तर मी वर्गात जायचो, सापडलं नाही तर पाड्यावर निरोप धाडायचो. तू आलास, म्हटलं आता पोरगा जाणता आहे...” थोडं थांबून ते म्हणाले, “ऊन फार आहे. सावकाश चालव.”

तुषारला वाटलं, यांनी आपल्याला चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

उंबरीपाड्याला पोचायला पावणेदोन झाले. कुडाची सात-आठ घरं, मधे मोकळं अंगण, अंगणात मक्याच्या कणसांचा ढीग. ढिगापाशी एक बाई आणि एक मुलगी कणसं सोलत बसल्या होत्या. ओट्यावर एक गाठोडं बांधून ठेवलं होतं, वर सतरंजीची गुंडाळी.

“रुमली पावरा कोण?” तुषारनं विचारलं.

मुलीचा हात थांबला. तिनं त्याच्याकडे पाहिलं, पण ओळख चेहऱ्यावरून पटत नसावी. तिनं मान जराशी कलती केली.

“अजून एकदा बोला.”

“रुमली पावरा. प्रथम वर्ष.”

“तुम्ही खिडकीतले सर.”

“तू ओळखतेस मला?”

“आवाज ओळखला. तोंड कधी दिसलं नाही ना. तुम्ही खाली बघून असायचे.”

तुषारनं आठवून पाहिलं. त्याला ही मुलगी आठवेना. तिची वेणी, तिचे हात, तिची पिशवी, काहीसुद्धा आठवेना. ती तीन वेळा खिडकीवर आली होती म्हणे.

“मग मी काय म्हटलं?” त्यानं विचारलं. विचारायला नको होतं, पण विचारलं.

“तिन्ही वेळा तेच. मेसेज येईल. जा.”

“मग?”

“नाही आला.”

ती हे तक्रारीच्या सुरात बोलत नव्हती. यंदा पाऊस नाही आला, असं सांगावं तसं सांगत होती. दिवसाला चाळीस वेळा तो हे वाक्य म्हणायचा. त्यातली तीन हिच्या वाट्याला आली होती आणि त्यांवर तिनं कॉलेज सोडलं होतं. 

आईनं मुलीला त्यांच्या पावरी बोलीत काहीतरी विचारलं. मुलगी पुन्हा कणीस सोलू लागली. आईनं पुन्हा विचारलं.

“काय विचारताहेत?” अण्णांनी विचारलं.

“आई विचारते, हे लोक आता कशाला आले. पोरगी नापास झाली ना.”

तुषार ओट्याच्या कडेला बसला. मग एका दमात बोलत सुटला. की ती नापास झालेली नाही, फॉर्म नाकारलेला नाही, फक्त एक कागद राहिला होता, साधा कागद, बारावीनंतर मधलं वर्ष का गेलं ते चार ओळींत लिहून द्यायचं, खाली सही करायची. चूक त्याची होती. त्यानं तिला हे तोंडी सांगायला हवं होतं.

मुलगी ऐकत होती.

“चार ओळी?” तिनं विचारलं.

“हो.”

“एवढंच?”

“एवढंच.”

...

ती कणसांच्या ढिगाकडे बघत राहिली. मग ओट्यावरच्या गाठोड्याकडे तिची नजर गेली. उद्या पहाटे ती मजुरांच्या टोळीबरोबर गुजरातेत कापूस वेचायला निघणार होती. होळीपर्यंत परतायची नव्हती, आणि होळीनंतर कॉलेजात तिचं नाव राहिलं नसतं. चार ओळींसाठी हे सगळं होतं, हे तिला आत्ता समजत होतं, आणि तुषारला ते तिला समजताना बघावं लागत होतं. आयुष्यात त्याला एवढी लाज कधी वाटली नव्हती.

अण्णांनी पिशवीतून कोरा कागद आणि पेन काढून तिच्यापुढे ठेवलं.

“मराठीतच लिही. जे झालं ते लिही.”

तिनं मांडीवर पाटी ओढली, तिच्यावर कागद ठेवला आणि लिहायला घेतलं. सावकाश, शाळेतल्यासारखं वळणदार. अण्णा तोवर तिच्या आईला कणसं सोलू लागत होते. तुषार घड्याळ बघत होता.

तिनं कागद त्याच्या हातात दिला.

त्यानं तो वाचला. त्यानं पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मग कागदाची घडी केली आणि आवाज शक्य तितका साधा ठेवून म्हणाला, “हे असं नको लिहू. सगळे ‘घरगुती अडचणीमुळे’ असं लिहितात. तसंच लिहून दे, लवकर होईल.”

“पण सरांनी सांगितलं, झालं ते लिही.”

“ऐक माझं. दुसरा कागद घे.”

“बघू,” अण्णा म्हणाले.

“काही नाही अण्णा, जरा भाषेचं...”

अण्णांनी हात पुढे केलेलाच होता. तुषारला द्यावा लागला.

अण्णांनी चष्मा पुसला आणि वाचलं. त्या कागदावर लिहिलं होतं :

‘मी मागच्या वर्षी बारावी पास होऊन कॉलेजात आली होती. प्रवेशाचा आणि शिष्यवृत्तीचा फॉर्म घ्यायला खिडकीवर गेली. तेव्हा खिडकी बंद करत होते. सर बोलले, आज वेळ संपली, उद्या ये. आमच्याकडे गाडी मंगळवारीच असते. मी मंगळवारी गेली. तर खिडकीला कुलूप होतं. प्रवेशाची तारीख संपली. म्हणून माझं एक वर्ष गेलं.’

मागच्या वर्षी तुषार या कॉलेजात नव्हता.

अण्णांनी कागद खाली घेतला. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला होता. तुषारनं त्यांना रागावलेलं पाहिलं होतं, दमलेलं पाहिलं होतं. असं कधी पाहिलं नव्हतं.

“सर म्हणजे कोण?” त्यांनी विचारलं.

मुलीनं आईकडे पाहिलं.

“सांग बाई. भिऊ नको.”

“तुम्हीच.”

“माझं तोंड दिसलं होतं?”

“हो. तुम्ही वर बघून बोलले. हसले पण होते.” तिला काय वाटलं कोण जाणे, ती घाईनं पुढे म्हणाली, “तुम्ही चांगलेच बोलले होते सर.”

...

कुठेतरी कोंबडी फडफडली. अण्णा काहीतरी बोलायला लागले, त्या मंगळवारी, जिल्ह्याला, बैठक, असे काही शब्द त्यांच्या तोंडातून निघाले. मग त्यांनी ओठ मिटले. 

तुषार मनातल्या मनात हिशेब जुळवू पाहत होता आणि तो जुळत नव्हता. अण्णांकडे सात नावं होती, कारण त्या सातांचे फॉर्म तरी आले होते. त्रुटी निघाली होती, नोंद झाली होती, नोंदीवरून मागोवा घेता आला होता. ही तर फॉर्मपर्यंत पोचलीच नव्हती. हिची कुठे नोंदच नव्हती. अशा किती आल्या असतील आणि वेळ संपली म्हणून खिडकीवरूनच परत वळल्या असतील... त्याला पुढचा विचार करवेना.

“मला वाटायचं, मला सगळे आठवतात,” अण्णा म्हणाले.

मग ते उठले. गुडघ्यावर हात देऊन, हळूहळू उठले. टोपी काढून त्यांनी काखेत धरली आणि त्या एकोणीस वर्षांच्या मुलीपुढे उभं राहून दोन्ही हात जोडले.

आई धडपडत उठली. तिच्या मांडीवरची कणसं घरंगळली. म्हाताऱ्या माणसानं पोरीपुढे हात जोडावेत, हे तिला पाहवत नव्हतं. ती पावरीत काहीबाही बोलत अण्णांचे हात खाली करू लागली. मुलगी भिंतीला टेकून उभी होती, तिला कुठे बघावं ते कळत नव्हतं.

“अण्णा, यंदाची चूक माझी आहे,” तुषार म्हणाला. “तुम्ही कशाला...”

अण्णांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. हात जोडलेले होते ते त्यांनी बराच वेळ तसेच ठेवले. मग खाली बसले आणि कागद तुषारला दिला.

“चढव.”

तुषारनं कागद घेतला, पण तो उठला नाही. त्याला बोलायला हवंच होतं. तो हळू आवाजात म्हणाला, की हा कागद पोर्टलवर गेला म्हणजे जिल्ह्याला जाणार. तिथे कुणीतरी वाचणार. कुणी सर, कुठलं वर्ष, कुठली खिडकी, सगळं विचारणार. अण्णांच्या पेन्शनची फाइल अजून तिथेच आहे. चौतीस वर्षांत ज्या माणसावर एक शेरा नाही, त्याच्यावर नोकरीच्या शेवटच्या दिवशी शेरा येणार, आणि तोही तुषारच्या हातून. ‘घरगुती अडचण’ लिहिलं तर मुलीचं काही बिघडत नाही. तिला तेवढेच पैसे मिळतील.

“तिच्या घरी काय अडचण होती?” अण्णांनी विचारलं.

तुषारनं कागद पुन्हा उघडून पाहिला.

“आहे तसा चढव.”

...

नेटवर्क पाड्यावर नव्हतं. वरच्या टेकाडावर एका खडकाशी उभं राहिलं की मिळतं, असं रुमली म्हणाली, आणि ती पुढे झाली. तिघं चढले. अण्णा मधे दोनदा थांबले. तुषारनं खडकावर उभं राहून कागदाचा फोटो घेतला, भिकनला फोन लावून त्याच्या मोबाइलवर आलेला ओटीपीचा आकडा विचारून घेतला. भिकन आता घाबरला होता, त्यानं एकेक आकडा तीनदा सांगितला. पडद्यावरचं चाक फिरत राहिलं, थांबलं, पुन्हा फिरलं. एकदा सगळं पुसलं गेलं आणि पहिल्यापासून करावं लागलं.

दुसऱ्या खेपेला तुषारचं बोट बटणावर आलं आणि क्षणभर अडलं. त्यानं मागे वळून पाहिलं. अण्णा टेकाडाच्या कडेला बसून दम घेत होते, आणि दुरून ते त्याला एकदम खूप म्हातारे वाटले. मग त्यानं बटण दाबलं.

अर्ज सादर झाला. कॉलेजच्या लॉगिनमधून मंजुरीही त्यानं तिथूनच दिली. चार वाजायला दहा मिनिटं होती.

“झालं,” तो मुलीला म्हणाला, आणि या वेळी तिच्या डोळ्यांत बघून म्हणाला. “सोमवारपासून वर्गात ये. मी खिडकीवर असेन. मेसेज येणार नाही, मीच सांगेन.”

मुलीनं मान हलवली. तिचा अजून विश्वास बसला नसावा.

आता निघायला हवं होतं. तुषार उतरायला लागला, पण अण्णा जागचे हलले नाहीत. त्यांनी आपल्या शेजारचा दगड हातानं झाडला आणि रुमलीला बसायला सांगितलं.

“मागच्या वर्षी आलीस त्या दिवशी घरून कधी निघालीस?”

“कोणत्या दिवशी? पहिल्या का दुसऱ्या?”

“पहिल्या. पहिल्यापासून सांग.”

ती बसली. आधी अडखळत, मग जरा नीट, ती सांगू लागली. त्या दिवशी मंगळवार नव्हता म्हणून ती आणि तिचा बाप कोंबडा आरवायच्या आत पायी निघाले होते. खालच्या फाट्यावर एका ट्रकवाल्यानं घेतलं. ट्रक बिघडला. तिनं चप्पल हातात धरली होती, कॉलेजात घालायला नवी राहावी म्हणून... अण्णा ऐकत होते. मधेच त्यांनी ट्रक कुठे बिघडला ते विचारलं. बाप आता कुठे आहे, तेही विचारलं. ती म्हणाली, टोळीबरोबर पुढे गेला.

तुषारचा फोन वाजला. प्राचार्य होते. अध्यक्ष येऊन बसले होते, सभागृह भरलं होतं, जुने विद्यार्थी लांबलांबून आले होते, कुणी फौजदार, कुणी डॉक्टर, हार घेऊन दारात रांग लागली होती, आणि सत्कारमूर्तीचा पत्ता नाही, हा काय प्रकार आहे. तुषार हो सर, हो सर म्हणत राहिला. त्यानं फोनवर हात ठेवला.

“अण्णा,” तो म्हणाला, “सगळे थांबलेत.”

अण्णांची नजर मुलीवरून हलली नाही.

“थांबू देत. ही दोन वर्षं थांबली.”